नंबर यायच्या आधी

कल्याण गाडेकरची खोली शोधायची तर विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीत शिरल्यावर उजवीकडं वळायचं नाही, तिकडं कुलसचिव बसतात. डावीकडं वळायचं, झेरॉक्सवाल्याला मागं टाकायचं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ओलांडायचे, आणि आता पुढं काही असेल असं वाटत नाही तिथं पाटी दिसते: बौद्धिक संपदा व तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष. नाव एवढं लांब की पाटी दोन तुकड्यांत करावी लागली. खोली एवढी आखूड की आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची तर कल्याणला आपली भिंतीला चिकटवावी लागते. विद्यापीठ जालन्याबाहेर माळावर आहे. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

तिथं तो अकरा वर्षं बसतोय. मूळचा भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. बाप कारभारी गाडेकर गावातला जुना जमीनवाला, दोन विहिरींचा धनी. पोरगा विद्यापीठात आहे म्हटल्यावर गावातली माणसं बापाला विचारतात, यंदा कपाशीचं कोणतं बी लावावं. बाप सुट्टीला आलेल्या पोराला विचारतो. कल्याण म्हणतो, "दादा, माझं खातं बियाण्याचं न्हाई." "मंग कशाचं हाय?" याचं उत्तर कल्याणनं सुरुवातीला दोन-चार वेळा देऊन पाहिलं, मग नाद सोडला. आता तो सरळ एखाद्या बियाण्याचं नाव सांगून मोकळा होतो.

उत्तर तसं अवघड नाही. विद्यापीठात कुणी काही नवं शोधलं तर ते आधी या खोलीत सांगायचं, मग जगाला. कल्याणनं फॉर्म भरून घ्यायचा, पुण्याच्या वकीलबाईंकडं पाठवायचा, त्यांनी पेटंट कार्यालयात अर्ज दाखल करायचा, की अर्जाला नंबर पडतो. नंबर पडला की त्या दिवसापासून दावा आपला. पुढं एखादा कारखानदार पैसे मोजून तो शोध वापरायला घेतो, त्याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणायचं. पण नंबर पडायच्या आधी चार लोकांपुढं शोध उघड केला, तर कायद्यानं तो नवा राहत नाही, आणि जे नवं नाही त्याला पेटंट नाही. त्या खात्याचं सगळं शास्त्र एवढंच. कल्याणनं ते एका वाक्यात बसवलं होतं: नंबर येईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. हे वाक्य त्यानं इतक्यांना ऐकवलं होतं की प्राध्यापक मंडळी पाठीमागं त्याला 'मौनीबाबा' म्हणायची.

म्हणायची आणि तोंड उघडायचीच. कुणाला आधी पेपरात फोटो हवा असायचा, कुणाला सत्काराची शाल. शाल अंगावर पडली की महाराज फॉर्म घेऊन खोलीत हजर: "गाडेकर, याचं तेवढं पेटंट करून टाका." कल्याण कपाळाला हात लावायचा. अकरा वर्षांत नऊ अर्ज गेले, दोन पेटंटं मिळाली, आणि एकही शोध विद्यापीठाच्या फाटकाबाहेर कुणी विकत नेला नाही. असल्या खुर्चीत बसून माणूस एक तर चिडका होतो नाहीतर दगड. कल्याण सावकाश, कुणाच्या लक्षात न येता, दगडाकडं सरकत चालला होता.

मग परमेश्वरचं यंत्र आलं.

परमेश्वर भिवा वाघमोडे हा वर्कशॉपातला लेथवाला. आजोबा मेंढरांमागं फिरले, बाप भिवानं मेंढरं विकून कुंभार पिंपळगावात दुसऱ्यांच्या रानात राबून दिवस काढले, आणि बाप गेल्यावर परमेश्वर आई जयवंताबाईला घेऊन जालन्यात आला. सतरा वर्षं झाली, विद्यापीठात रोजंदारीवर आहे. अभियांत्रिकीच्या पोरांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प त्याच्याच हातांनी झाले. त्यातली तिघं आज तिथंच प्राध्यापक आहेत. हजेरीपटावर परमेश्वरच्या नावापुढं मात्र 'अकुशल' लिहिलेलं आहे. ही चूक नाही, तशी जागाच आहे, असं आस्थापना विभाग सांगतो. आस्थापना विभागाला लाज असती तर तिचीही एखादी जागा भरली असती.

जयवंताबाई जालन्यातल्या एका मिरचीच्या गोदामात वाळल्या मिरच्यांची देठं खुडायला जायची. ज्यानं हे काम केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. हात असे पेटतात की हंगामभर बाई नातवंडाच्या गालाला हात लावत नाही. परमेश्वरनं आईचे हात पाहत पाहत दोन वर्षं भंगारातून एक यंत्र जोडलं. हातानं फिरवायचं, टेबलाएवढं. वरून मिरची टाकायची, खाली देठं एकीकडं, मिरची एकीकडं, आणि मिरची फुटत नाही. सगळी करामत आतल्या दोन रोलरमध्ये होती. त्यावर त्यानं स्कूटरच्या ट्यूबचं रबर चढवलं होतं आणि रबराला तिरपे काप दिले होते. ते काप देठ धरायचे, मिरची सोडायचे.

विभागप्रमुख अण्णासाहेब सर फॉर्म घेऊन आले तेव्हा संशोधकाच्या रकान्यात एकच नाव होतं, त्यांचं. माणूस वाईट नव्हता, रिवाजच तसा होता. कल्याणनं फॉर्म वाचला आणि विचारलं, "सर, हे काप तिरपे का दिलेत?"

सरांनी छताकडं पाहिलं. "ते परमेश्वरला विचारावं लागेल."

"मंग त्याचं नाव लिहावं लागतं, सर. कायदा हाय तसा."

आणि त्यानं लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, पहिलं लिहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि "लिही बाबा" म्हणाले. अकरा वर्षांत आपण काहीतरी केलं असं कल्याणला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पुढं सरांनीच मोठं मन करून व्यवस्थापन परिषदेत विषय मांडला: या यंत्राचं हस्तांतरण झालं तर खास बाब म्हणून परमेश्वर वाघमोडेला कायम करावं. ठराव मंजूर झाला. कुलसचिव कल्याणला म्हणाले, "कारखान्याशी झालेला करार आणून दाखवा, ऑर्डर घेऊन जा." एमआयडीसीतला एक कारखानदार येऊन यंत्र पाहूनही गेला. कुणाला सांगणार नाही असं त्याच्याकडून आधी लिहून घेतलं होतं. जाताना तो म्हणाला, नंबर पडू द्या, करार करू. म्हणजे सतरा वर्षांच्या रोजंदारीचं सगळं घोडं आता एका नंबरापाशी येऊन थांबलं होतं.

शनिवारी कागद पुण्याला गेले. सोमवारी अकराच्या सुमाराला वकीलबाईंचा मेसेज आला: आज होऊन जाईल.

सोमवारी संध्याकाळी कल्याण वर्कशॉपात गेला तेव्हा परमेश्वर यंत्राला तेल देत होता.

"साहेब, एक इचारायचं होतं. आई दोन दिवसांपासून मागं लागून राह्यली. उद्या अंगारकी हाय. तिनं राजूरच्या गणपतीला बोललेलं हाय, यंत्र चाललं तर पहिली मिरची तुझ्या पायरीपाशी काढीन म्हणून. तुम्ही म्हणत असाल तर नेतो, न्हाई तर राहू द्या. तुमचं ते नंबराचं हाय ना."

नवी गाडी असो, नवं दुकान असो, पोराची नोकरी असो, भोकरदनकडचा माणूस आधी राजूरला जातो, मग कामाला लागतो. कल्याणनं स्वतःची नेमणुकीची ऑर्डर आधी गणपतीच्या पायाशी ठेवली होती, मग तो कामावर हजर झाला होता. देवापुढं नेलेली वस्तू उघड झाली असं त्याच्या घराण्यात कुणाच्या मनात आलं नसतं. त्यानं फोन काढला, मेसेज परत वाचला. नेहमीची रीत अशी की नंबर यायचा, तो स्वतः रजिस्टरात लिहायचा, आणि मगच समोरच्याला बोलायला मोकळीक द्यायचा. अकरा वर्षांत ही रीत एकदाही मोडली नव्हती. पण त्या संध्याकाळी तो आनंदात होता, आणि ज्याला आनंदाची सवय नाही त्यानं तेव्हा तरी जपून राहावं.

"झालंय ते," तो म्हणाला. "बिलकुल ने. मी पण येतो."

मंगळवारी त्यानं देवदर्शनाची रजा टाकली. यंत्र छोट्या हत्ती टेम्पोत चढवलं. देवाचं काम म्हटल्यावर वॉचमननं गेटपाससुद्धा मागितला नाही, उलट माझा पण नमस्कार सांगा म्हणाला. जयवंताबाई ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर दोन किलो मिरचीची पिशवी. कल्याण आणि परमेश्वर मागं यंत्र धरून उभे.

अंगारकीला राजूरला काय गर्दी असते ते जालना जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दर्शनाची रांग पार खाली रस्त्यापर्यंत आली होती. पायऱ्यांच्या बाजूला नारळवाल्यांच्या ओळीत जरा जागा करून यंत्र मांडलं. जयवंताबाईनं हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, पदर खोचला आणि दांडा फिरवला. मिरची पडायला लागली आणि रांगेतली पंचवीस-तीस माणसं एकदम शिंकली. लोक आधी चिडले, मग हसले, मग रांग सोडून बघायला आले. जालन्याच्या गोदामात काम केलेल्या दोन बाया गर्दीतून पुढं घुसल्या. "आत्याबाई, हात न्हाई पेटत?" जयवंताबाईनं दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले.

"आतमधी काय हाय वो?" कुणीतरी विचारलं.

परमेश्वरनं कल्याणकडं पाहिलं. आणि कल्याणनं, ज्याला लोक मौनीबाबा म्हणायचे त्या कल्याणनं, स्वतः चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हातात धरून उभा राहिला.

मग परमेश्वर बोलला. पाव तास बोलला. रबर कोणतं, काप किती अंशांत, दोन रोलरमध्ये दीड सुताचं अंतर का, एक सूत ठेवलं तर मिरची कशी फुटते, सगळं. विद्यापीठात त्याला लोकांनी आजवर 'कधी होईल' एवढंच विचारलं होतं. 'कसं केलंस' हे कुणी विचारलं नव्हतं. सतरा वर्षांचं साठलेलं त्यानं राजूरच्या पायरीपाशी मोकळं केलं, आणि झाकण धरलेल्या कल्याणला त्याचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. मिरचीनं आले असं त्यानं परमेश्वरला सांगितलं.

प्रसादाच्या दुकानातला पप्पू नावाचा तिशीपस्तिशीचा माणूस दुकान बायकोवर सोडून फोन वर धरून उभा होता. अंगारकीला सगळेच फोन वर धरतात. कल्याणनं लक्ष दिलं नाही.

बुधवारी खोलीत येऊन त्यानं संगणक चालू केला. वकीलबाईंची मेल होती, सोमवारी दुपारी साडेबाराची, त्यानं न उघडलेली. एका पानावर अण्णासाहेब सरांची सही राहिली आहे, ती आल्याशिवाय दाखल करता येत नाही. कल्याणनं ती मेल उभ्यानंच वाचली. मग वर्कशॉपातून आडवा जाऊन सरांना गाठलं, सही घेतली, कागद पाठवला. गुरुवारी अर्ज दाखल झाला, नंबर पडला, त्यानं तो रजिस्टरात लिहिला. मध्ये दोन दिवस गेले होते. देवळापाशी झालेलं कोण धरून बसतंय, असं त्यानं मनाला सांगितलं, आणि मनानं ते जल्दी मान्य केलं. मन या बाबतीत फार सोयीचं असतं.

पुढचे तीन महिने बरे गेले. कारखानदार कराराला तयार झाला. आस्थापना विभागात परमेश्वरच्या ऑर्डरचा मसुदा टाईप झाला. तिथल्या क्लार्कनं तो परमेश्वरला हळूच दाखवलाही. जयवंताबाईनं गोदामाचं काम सोडलं. कल्याणनं कराराचा कागद वाचायला घेतला. त्यात एक कलम होतं: अर्जाच्या तारखेआधी हा शोध कुठंही उघड झालेला नाही, याची विद्यापीठ हमी देत आहे. खाली सही कक्षप्रमुखाची, म्हणजे त्याचीच. अशी हमी देण्याआधी एकदा शोध घ्यायचा असतो. त्यानं फोनवर चार शब्द टाकले.

पहिलाच व्हिडिओ निघाला. राजूरच्या गणपतीपुढं मिरचीचं यंत्र, आत काय आहे ते बघा. बासष्ट हजार लोकांनी पाहिलेला. तारीख मंगळवारची. अकरा मिनिटं परमेश्वर बोलतोय, सगळं नीट ऐकू येतंय, पप्पूनं फोन रोलरच्या अगदी जवळ नेलाय. खाली लोकांनी मापं विचारलीत आणि दुसऱ्या लोकांनी व्हिडिओतून मापं काढून उत्तरं दिलीत. एका कोपऱ्यात झाकण धरलेले दोन हात दिसतात. हातांच्या वर खांद्यापर्यंत सदरा, मग चौकट संपते. तोंड कुठंच येत नाही.

कल्याणनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. काळजात चर्र झालं, घाम फुटला, असं काही झालं असतं तर बरं होतं. तसं काही झालं नाही. चहावाला आला, त्यानं चहा घेतला. चहात साखर होती की नव्हती हे त्याला सांगता आलं नसतं. एका प्राध्यापकाचा फोन आला, त्याच्याशी तो नीट बोलला. हातपाय होते, खोली होती, बाहेर झेरॉक्सचा आवाज होता. आपण कुठं आहोत तेवढं मात्र नीट समजत नव्हतं.

कुणी विचारलं नव्हतं. सही करून मोकळं होता आलं असतं. पण कारखानदार उद्या ना परवा तो व्हिडिओ पाहणार होता, त्याचे फिटर तर रोजच फोन बघतात. शिवाय खरं सांगायचं तर खोटी सही करायला जे धाडस लागतं ते कल्याणकडं नव्हतं. त्यानं वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज टिकणार नाही, मागं घ्यावा लागेल म्हणाल्या. मग विचारलं, "पण आधी दाखवायला परवानगी कुणी दिली?"

"त्यांच्या घरचा नवस होता, मॅडम," कल्याण म्हणाला. हे खरं होतं. विचारलेल्याचं उत्तर मात्र नव्हतं.

मग कुलसचिवांना पत्र लिहायचं होतं. त्यानं टाईप केलं: सदर संशोधकाने अर्ज दाखल होण्यापूर्वी सार्वजनिक ठिकाणी यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवून अंतर्गत रचनेची माहिती दिल्याचे निदर्शनास आले आहे. निदर्शनास आले आहे. कुणाच्या आलं, कसं आलं, झाकण कुणी काढलं, 'झालंय ते' कुणी म्हटलं, यातलं काही त्या वाक्यात मावत नव्हतं, आणि सरकारी मराठी यासाठीच केलेली आहे. त्यानं पत्र दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. त्यानं सही केली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. कारखानदारानं करार नाकारला, तोही हसतमुखानं. "गाडेकर साहेब, रागावू नका. पेटंटच न्हाई तर पैसे कशाचे देऊ? सगळं त्या व्हिडिओत हाय. माझा फिटर दोन दिवसांत बनवतोय." आणि बनवलंही. करार नाही म्हटल्यावर ठराव आपोआप रद्द. टाईप झालेला मसुदा क्लार्कनं फाईलमधून काढला. अण्णासाहेब सर खोलीत डोकावले, "नशीब" म्हणून निघून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण परिषदेत कुणीतरी विचारलं, विद्यापीठाचं नुकसान झालं त्याला जबाबदार कोण? कागदावर एकच माणूस होता. परमेश्वरला कारणे दाखवा नोटीस निघाली: विद्यापीठाची गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करण्यात येऊ नये. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. नोटिशीची प्रत माहितीसाठी कल्याणलाही आली. त्यानं ती फाईलला लावली.

त्या रविवारी तो धावड्याला गेला. ओसरीवर आई द्वारकाबाईनं ताट वाढलं. तो जेवला. बापानं विचारलं, "यंदा कपाशी घ्यावी का सोयाबीन?" कल्याणनं ऐकलं आणि ताटात हात धुतले. बापानं परत विचारलं नाही. आई म्हणाली, "बरं हाय ना रं तुला?" तो म्हणाला, "बरं हाय." आणि त्याला खरंच काही दुखत नव्हतं. हेच त्याला विचित्र वाटत होतं. दाढ बधिर केल्यावर जीभ लावून पाहावी तसा तो स्वतःला चाचपून पाहत होता, आणि तिथं काही नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी परमेश्वर खोलीत आला. हातात नोटीस, बाजूला घडी केलेले दोन कोरे कागद.

"साहेब, याचं उत्तर लिहून द्या. मला हापिसातलं लिहिता येत न्हाई. तुम्ही लिहा, मी बघून माझ्या हातानं उतरवतो."

"बस," कल्याण म्हणाला.

परमेश्वर बसला. त्यानं कागद टेबलावर सारखे केले. कल्याणनं पेन उघडलं आणि वर विषय लिहिला, संदर्भ लिहिला, महोदय लिहिलं. मग थांबला. इथं सांगायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "परमेश्वर, त्या सोमवारी..."

"मला ठाव हाय," परमेश्वर म्हणाला. "बुधवारी तुम्ही सही घ्यायला वर्कशॉपातून पळत गेल्ते ना, तवाच मला कळलं. नंबर आला नव्हता."

म्हणजे चार महिने त्याला माहीत होतं. चार महिने तो रोज सकाळी या खोलीवरून जाताना नमस्कार करत होता.

"असं लिहा," परमेश्वर म्हणाला. "गाडेकर साहेबांनी मनाई केल्ती. मी ऐकलं न्हाई. आईचा नवस होता म्हणून मी माझ्या मनानं यंत्र नेलं. माफी असावी."

"असं कसं लिहू मी?"

"लिहा. मला काढलं तर एमआयडीसीत कुठं बी लेथ मिळून जाईल, आन् न्हाई काढलं तर रोजंदारी हायच. तुम्ही कायम हाय. तुमच्यावर चौकशी लागली तर पेन्शनीपर्यंत सोडत न्हाईत हे लोकं." त्यानं नोटीस घडी करून खिशात घातली. "आन् त्या फारमवर माझं नाव पहिलं कोनी लिहिलं? आईनं त्या कागदाची झेरॉक्स फोटोसारखी भिंतीला लावलीय."

आता आपला हात थांबेल, असं कल्याणला वाटलं. तो खरंच वाट पाहत होता. हात थांबला नाही. त्यानं लिहिलं: मा. श्री. गाडेकर यांनी मला तोंडी मनाई केली होती, परंतु मी अज्ञानापोटी त्यांच्या सूचनेकडे दुर्लक्ष केले. 'मनाई केल्ती'चं 'मनाई केली होती' त्यानं केलं, 'तोंडी' हा शब्द त्यानं स्वतःहून घातला, म्हणजे पुढं कुणी लेखी पुरावा मागू नये. अकरा वर्षांची सवय होती, पेन आपोआप चालत होतं.

परमेश्वरनं कागद आपल्यापुढं ओढला आणि दुसऱ्या कागदावर उतरवायला घेतला. तो सावकाश लिहायचा. लेथवर ज्याचा हात केसभर चुकत नाही तो अक्षरापाशी थांबत थांबत जात होता. अर्धा तास लागला. कल्याण समोर बसून पाहत राहिला. त्या अर्ध्या तासात तो केव्हाही बोलू शकत होता, दार बंद होतं, आत दोघंच होते. गाडेकर हे आडनाव परमेश्वरनं दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा नीट.

सही करून त्यानं कागद कल्याणकडं फिरवला.

"बराबर उतरलं का, बघा एकदा."

कल्याणनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.